मुलांचा टीव्ही कमी करताय? या चुका टाळा

बालवाडीत शिकवायला लागून मला सोळा वर्षं झाली. दर पालकसभेत एक तरी आई म्हणतेच, "ताई, टीव्ही लावल्याशिवाय हा घासच घेत नाही हो." तिला रागवायचं मी टाळते, कारण ही चूक मी स्वतः चांगली दीड वर्ष केली आहे.

धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडायचं, वरणभाताची वाटी दहा मिनिटांत रिकामी. मला काय, भांडी लवकर पडायची. मग एका मे महिन्यात रात्री आठला लाइट गेली आणि कार्ट्याने तोंड घट्ट मिटलं. चिऊ-काऊ झाले, चांदोबा झाला. शेवटी नवऱ्याने त्याला कडेवर घेतलं, मी वाटी घेतली आणि टॉर्चच्या उजेडात चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता! काकूंनी चालू मालिका थांबवून कार्टून लावून दिलं. बोलल्या काहीच नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून जेवण स्वयंपाकघरात, जमिनीवर, ताट त्याच्यापुढे. तीन दिवस तो दुधावरच होता. सासूबाई माझ्याशी बोलेनात. चौथ्या दिवशी त्याने माझ्या ताटातली भाकरी ओढली. टीव्हीसमोर भरवलेल्या पोराला पोट भरलंय की नाही तेच कळत नाही, हे मला तेव्हा उमगलं. "दोन दिवस करून बघितलं, काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी सांगते, दोन दिवसांत मटकीला मोड येतात, सवय जात नाही.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे "पाच मिनिटांत बंद करायचं हं." तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे काय ठाऊक? त्यात आपण फोनवर असलो की पाचाची पंधरा होतात, आणि मग गोष्ट ऐन रंगात असताना रिमोट दाबला की भोकाड पसरणारच. आमच्या लहानपणी दूरदर्शनवरचं रविवारचं कार्टून संपलं की संपलं, पुढे मोठ्यांचं काहीतरी लागायचं. यूट्यूबवर एक संपतंय तोवर दुसरं सुरू. म्हणून आधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. मग मिनिटं सोडून भाग मोजा. मी टीपॉयवर दोन चिंचोके ठेवायची. एक भाग संपला की एक चिंचोका डबीत. दोन्ही गेले की बटण त्याने स्वतः दाबायचं. रडणं निम्म्याने कमी झालं. भाग मात्र छोटे निवडा, पाऊण तासाचा एक भाग ही पळवाट झाली.

रिमोट लपवणं: पोरं शोधतात, आणि लपवायलाही शिकतात.

पिन टाकून लॉक करणं: वाईट नाही, पण चार दिवसांत पिन पाठ होतो.

केबलच काढून टाकणं: आमच्या ओळखीत एकांनी काढली. मुलगा आजोबांच्या मोबाइलवर गेला. मोबाइलपेक्षा हॉलमधला टीव्ही बरा, निदान काय चाललंय ते दिसतं तरी.

"अभ्यास केलास तर टीव्ही": याने टीव्ही बक्षीस ठरतो आणि अभ्यास शिक्षा.

बेडरूममध्ये टीव्ही: नको. चर्चा नाही.

वेळ किती, हे सगळे विचारतात. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. या तासात मोबाइलही धरा, लोक तो सोयीने विसरतात.

आणि संध्याकाळी सात ते दहा हॉलमध्ये मोठ्यांच्या मालिका चालू असतील, तर पोराचे चिंचोके मोजून काय उपयोग? सासूबाईंना टीव्ही बंद करा म्हणायची माझी छाती नव्हती. मग साडेसात वाजले की नवरा त्याला घेऊन पार्किंगमध्ये चेंडू खेळायला उतरायचा. पावसाळ्यात तेही जमायचं नाही, आणि त्या चार महिन्यांत धाकट्याला त्या मालिकेतली सगळी भांडणं तोंडपाठ झाली होती.