बसमधून उतरताना या चुका टाळा, निदान डावीकडे तरी बघा

पुण्याची शहर बससेवा पीएमटी होती तेव्हापासून मी बसनं जाते. 2007 साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, तरी आमच्या घरात अजून "पीएमटी मिळाली का?" असंच विचारतात. एवढ्या वर्षांत चढताना पडलेली माणसं मी फार थोडी पाहिली. चढताना जागा पकडायची असते, त्यामुळे डोळे उघडे असतात. माणसं पडतात ती उतरताना, आणि दर वेळी त्याच त्या कारणांनी.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे सिग्नलला बस थांबली की टुणकन खाली उडी. थांबा पुढं शंभर पावलांवर दिसत असतो, पण तेवढा धीर कोणाला? बस अशा वेळी रस्त्याच्या मध्येच उभी असते, आणि ती नि फूटपाथ यांच्यात एक फट राहते. पुण्यात फट दिसली की तिच्यात दुचाकी शिरणारच. ताशी 25 किलोमीटरनं येणारी स्कूटर एका सेकंदात जवळजवळ 7 मीटर जाते. तुमचा पाय पायरीवरून रस्त्याला लागेपर्यंत ती तुमच्याजवळ पोचलेली असते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. टिळक रोडला एका पावसाळी संध्याकाळी मीही अशीच उतरले होते. मंडईतून घेतलेली डाळिंबं एका हातात, पर्स खांद्याला, आणि डोक्यात एकच विचार, की सिग्नल सुटायच्या आत उतरून घ्यावं. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर. तेवढ्यात डावीकडून आलेल्या स्कूटरच्या हँडलमध्ये पिशवीचा बंद अडकला आणि मी स्वतःभोवती गर्रकन फिरून आडवी झाले. डाळिंबं पार पलीकडच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेली. स्कूटरवाला थांबला, हेल्मेटची काच वर केली आणि मलाच म्हणाला, "काकू, बघून उतरत जा." उभ्या बसच्या डावीकडून गाडी घालणारा हा, आणि शिकवतोय मला! मनगटाला प्लास्टर लागलं, सहा आठवडे. वेणीसुद्धा मुलीकडून घालून घ्यावी लागली. त्या सहा आठवड्यांत पुष्कळदा वाटलं, चूक त्याची होती हे खरं, पण मनगट माझं होतं.

तेव्हापासूनची सवय सांगते. शेवटच्या पायरीवर दांडी धरून थांबायचं, मान बाहेर काढायची आणि डावीकडे, म्हणजे बसच्या मागच्या दिशेला, बघायचं. मग पाय टाकायचा. मागचे लोक "अहो काकू, उतरा की!" म्हणून कुरकुरतात. करू देत. आणि उतरायचं थांब्यावरच. ड्रायव्हरला "जरा इथंच सोडा ना" म्हणून गळ घालणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

दुसरी चूक बहुतेक माझ्या वयाच्या बायकांची. माळ्यावरून शिडीनं उतरावं तसं तोंड आत, पाठ बाहेर करून उतरायचं. कुठं गुडघा दुखतो, कुठं साडी पायात येते, म्हणून तसं सोपं वाटतं. बस पूर्ण थांबलेली असेल तर निभावतं. पण दारातच थोडं बसच्या मागच्या बाजूला तोंड करून उतरलात आणि बस चार बोटं जरी पुढं सरकली, तर पाय जमिनीला लागून जागच्या जागी थांबतात आणि धड बसच्या वेगानं पुढं जातं. तुमची पाठ पुढं असते, म्हणजे पडणार ते उताणे, डोक्याच्या मागच्या बाजूवर. तोंड बस जाते त्या दिशेला असेल तर फार तर दोन पावलं धावावं लागतं. म्हणून तोंड पुढं, उजव्या हातात दांडी, डावा पाय आधी. कंडक्टरची एक घंटी थांबायची आणि दोन निघायच्या, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पायरीवर असताना दोन घंटी ऐकू आल्या तर ओरडा, पण उतरू नका. पुढच्या थांब्यावरून पाच मिनिटं मागं चालत यावं लागेल, एवढंच. चालत्या बसमधून ऐटीत उतरणारी पोरं मला अजिबात कौतुकाची वाटत नाहीत. फूटबोर्डवर लटकून जाण्याला तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 123 नंच मनाई आहे.

उतरल्यावर लगेच बसच्या पुढून रस्ता ओलांडणं ही तिसरी. ड्रायव्हरला त्याच्या काचेच्या अगदी खालचं माणूस दिसत नाही, आणि बसला उजवीकडून ओलांडणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. दांडेकर पुलाजवळ एक कॉलेजचा मुलगा असाच बसच्या नाकाखालून निघाला. रिक्षाचा ब्रेक करकचून लागला तेव्हा आम्ही बसमधले सगळे उभे राहिलो. मुलगा हसत पलीकडे गेला, कानातले इअरफोन काढलेसुद्धा नाहीत. बस जाऊ द्या हो. फार तर अर्धा मिनिट लागतो.

बाकीच्या पटापट. बसनं ब्रेक मारल्यावर सीटवरून उठू नका. एक थांबा आधी उठून दांडी धरून दाराकडे सरका. सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या. मोबाईल पर्समध्ये. लहान मूल असेल तर आधी आपण उतरायचं, त्याचा हात न सोडता, आणि मग त्याला उतरवून घ्यायचं. लो-फ्लोअर बसचा मजला जमिनीपासून साधारण 400 मिलिमीटरवर असतो, जुन्या उंच बसचा याच्या दुपटीहून जास्त. रोज एकाच प्रकारच्या बसनं जाणारा माणूस दुसऱ्या बसमध्ये हटकून एक पायरी चुकतो.

बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेल्या रस्त्यांवर मधोमध असलेल्या स्टेशनवर उतरताना दार उजवीकडे उघडतं. नवखी माणसं डाव्या दाराशी उभी राहतात आणि मग बॅगा घेऊन गर्दीतून उलटी धावतात. कंडक्टरला आधीच विचारावं, लाज कसली? आणि स्टेशनातून बाहेर पडताना लेनमधून चालत सुटू नका, झेब्रा क्रॉसिंगवरूनच जा. लेन मोकळी दिसते म्हणूनच तिथं बस जोरात येते.

पावसाळ्यात डबक्यात पाय टाकायचा नाही. खाली खड्डा आहे की उघडं चेंबर, हे वरून दिसत नाही. "मास्तर, थोडी पुढं घ्या" म्हटलं की बहुतेक ड्रायव्हर घेतात.

आणि छत्री फूटपाथवर गेल्यावर उघडा. मागच्या पावसाळ्यात लक्ष्मी रोडला एका बाईंनी पायरीवरच फटकन उघडली, मागच्या आजोबांचा चष्मा उडून खाली पडला आणि त्याच बसच्या चाकाखाली गेला. बाई "सॉरी हं" म्हणून गर्दीत दिसेनाशा झाल्या. आजोबांना हाताला धरून मीच समोरच्या चष्म्याच्या दुकानात नेऊन बसवलं.