विम्याविना उपचार : पैसे भरण्यापूर्वी काय करावे

स्वतःचा आरोग्य विमा नसलेल्या कुटुंबासाठी मराठवाड्यात मोफत किंवा सवलतीच्या उपचारांच्या बऱ्याच सोयी आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेक सोयी दाखल होतानाच मागाव्या लागतात, आणि बिल हाती पडल्यानंतर धावपळ करून फारसे काही पदरात पडत नाही.

सुरुवात सरकारी रुग्णालयापासून करावी. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि लोक ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय, या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) रुग्णालय, नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, त्यामुळे तेथे माफक शुल्क लागू शकते. तेही परवडत नसेल तर वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. केसपेपरच्या रांगेत तासन्‌तास उभ्या असलेल्या कितीतरी नातेवाइकांना असे पद रुग्णालयात असते हेच ठाऊक नसते.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा सर्वांत भक्कम आधार आहे. पूर्वी पांढरी शिधापत्रिका असलेल्यांपैकी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना सातबारा दाखवून तिचा लाभ घेता येत असे. आता शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असली तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. योजना रोकडविरहित आहे. रुग्णालयाला उपचारापूर्वी परवानगी घ्यावी लागते आणि आधीच भरलेल्या पैशांची परतफेड अपेक्षित धरू नये, म्हणून अनामत रक्कम भरण्याच्या खिडकीआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या प्रतिनिधीचा, कक्ष शोधावा. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून परवानगी घेण्याची सोय आहे. काही शस्त्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत; आपल्या रुग्णाचा उपचार योजनेत बसतो का आणि कोणत्या रुग्णालयात होतो, हे १५५३८८ या निःशुल्क क्रमांकावर आधीच विचारून घ्यावे.

येथे अडते ते बहुधा कागदावर. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेवरून कमी झालेले असते, सासरच्या पत्रिकेवर चढलेले नसते आणि आधारवर जुने आडनाव तसेच राहिलेले असते. मग बाळंतपणातील गुंतागुंतीच्या वेळी नवरा तहसीलच्या पुरवठा शाखेत चकरा मारत बसतो. हे काम घरात सर्वजण धडधाकट असतानाच उरकावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मूळ शिधापत्रिका गावी पेटीत ठेवून जाऊ नये. किमान तिचा व आधारचा स्पष्ट फोटो प्रत्येक मोठ्या माणसाच्या मोबाईलमध्ये असावा.

योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या रुग्णालयांचा, विचार करावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा शासन बदलत असते, म्हणून ती जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून खात्री करून घ्यावी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मिळायला तलाठ्याच्या अहवालापासून काही दिवस जातात, आणि रुग्ण दाखल असताना तेवढा अवधी कोणाकडेच नसतो. जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार अनामत रकमेसाठी अडवता येत नाहीत. ‘खाटा शिल्लक नाहीत’ असे तोंडी उत्तर मिळाल्यास लेखी उत्तर मागावे आणि धर्मादाय कार्यालयाला कळवावे. लेखी मागितल्याबरोबर काही वेळा खाट सापडते.

औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवर मूळ घटकाचे नाव लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करावी आणि जनऔषधी केंद्रात दर विचारावा. रक्तदाब, मधुमेह यांच्या रोजच्या गोळ्यांत फरक बराच पडतो; मात्र गोळी बदलण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक निःशुल्क आहे.

खाजगी रुग्णालयातच जाणे भाग पडले, तर दरपत्रक दर्शनी भागात लावणे आणि तपशीलवार बिल देणे ही त्या रुग्णालयाची जबाबदारी आहे, आणि थकबाकीपोटी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवण्याचा अधिकार २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्याला नाही. अंदाजे खर्च दाखल होतानाच कागदावर घ्यावा आणि बिलातील प्रत्येक नोंद त्याच्याशी ताडून पाहिल्यानंतरच उरलेली रक्कम भरावी.