तालुक्याच्या जुन्या नेत्याची कारकीर्द कशी लिहावी

एकसष्टीचा, अमृतमहोत्सवाचा किंवा श्रद्धांजलीचा अंक निघायचा ठरला, की चाळीस-पन्नास वर्षांची कारकीर्द दोन रात्रींत लिहून होते. मग सरपंचपदाचं एकदा चुकलेलं साल पुढच्या प्रत्येक अंकात तसंच छापलं जातं. अशा माणसाच्या कारकिर्दीत गावाचा आणि तालुक्याचाही इतिहास असतो, म्हणून गौरवाचे शब्द सुचण्याआधी तारखा जुळवायच्या.

एक फुलस्केप घ्या आणि सहा रकाने आखा: निवडणुकीचा दिवस, संस्था, गट-गण (जिल्हा परिषदेचा गट, पंचायत समितीचा गण) किंवा मतदारसंघ, पक्ष आणि चिन्ह, निकाल, पुरावा. पदांसाठी दुसरा कागद ठेवा. जिल्हा परिषदेवर निवडून येणं वेगळं आणि सभापती होणं वेगळं. सदस्यत्व पाच वर्षांचं असलं तरी सभापतीपद त्यातल्या काही काळापुरतंच असू शकतं. दोन्ही एका ओळीत लिहिलं, की ‘पाच वर्षे सभापती’ असं छापून येतं.

सालं पाच-पाचनं मोजू नका. राज्याच्या जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या. १९६७ आणि १९७२ नंतरची निवडणूक झाली १९७९ मध्ये आणि त्यापुढची थेट १९९२ मध्ये. तेव्हा १९७९ ला निवडून आलेला सदस्य दहा-अकरा वर्षं पदावर असल्याचं कुणी सांगितलं, तर ती थाप समजू नका. मुदतवाढ किती आणि प्रशासक कधी आला, ते शोधा. विधानसभेचं तसंच: १९७२ नंतर १९७८, आणि लगेच १९८०. त्या वेळी आमदारकी दोन वर्षांतच संपली.

सरपंचपदाचा पक्का पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त. सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा तेव्हाच्या पहिल्या सभेचं पान काढा. हजर सदस्यांच्या सह्या, अंगठे आणि अध्यासी अधिकाऱ्याची, म्हणजे ती सभा चालवणाऱ्या अधिकाऱ्याची, सही तिथंच सापडते. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती गेली आणि २०२२ मध्ये परत आली, हेही लक्षात असू द्या. दप्तर बघायला मिळालं नाही तर जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, प्रतीला पानामागं दोन रुपये, मुदत तीस दिवस. एका अर्जात एकच विषय घ्या, तोही दीडशे शब्दांच्या आत. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलेला अर्ज अडकतो. ‘अमुक साली सरपंच निवडीच्या सभेचे इतिवृत्त’ असं नेमकं मागा.

विधानसभेची मतं निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात मिळतात. तिथं ‘आबा’, ‘बापू’, ‘अण्णा’ शोधून काही हाती लागत नाही. आडनाव पुढे-मागे करून पूर्ण नाव शोधावं लागतं. एकाच नावाचे दोन उमेदवार असतात, म्हणून चिन्हही ताडून बघा.

सर्वांत जास्त चुका मतदारसंघात होतात. १९७८ च्या निवडणुकीला आणि पुन्हा २००९ ला मतदारसंघांची फेररचना लागू झाली. नाव तेच राहिलं तरी गावं बदलली, त्यामुळे २००४ आणि २००९ ची मतं शेजारी ठेवून ‘मताधिक्य घटलं’ असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे. नुसतं ‘माजी आमदार’ असंही लिहू नये; विधानसभेचे की विधान परिषदेचे, ते सांगावं. विधान परिषदेची मुदत सहा वर्षांची असते आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात सामान्य मतदार मतच देत नाही.

पक्ष त्या दिवशी होता तोच लिहा. १९६९, १९७८ आणि १९९९ च्या फुटींमुळे एकाच माणसाच्या नावापुढे काँग्रेसची दोन-तीन रूपं येतात. आजचं नाव मागं नेलं, की त्या वेळी त्यानं पत्करलेली जोखीम पुसली जाते.

पराभव गाळू नका, ही आमची कळकळीची विनंती. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा आमदार झाले, पहिल्यांदा १९६२ मध्ये. ‘सलग अकरा वेळा’ असं सर्रास बोललं जातं, पण १९७२ आणि १९९५ मध्ये ते हरले होते. हरल्यावरही त्यांनी मतदारसंघ सोडला नाही आणि लोकांनी त्यांना परत निवडलं, ही गोष्ट ‘सलग’ या एका शब्दानं झाकली जाते.

कामांची यादी करताना कोनशिला वाचायला जाच. फोटो घेण्याआधी दगडावर पाणी मारा, अक्षरं उठून दिसतात. पण भूमिपूजनाची कोनशिला म्हणजे पूर्ण झालेलं काम नव्हे. प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि लोकार्पण या तारखा वेगवेगळ्या असतात. पाझर तलावाला मंजुरी एकानं आणली आणि पाणी दुसऱ्याच्या काळात अडलं, असं नेहमी घडतं. तिथं दोघांची नावं लिहा.

शेवटी नुसता तारखांचा कागद घेऊन घरच्यांसमोर बसा, मग त्या नेत्याविरुद्ध लढलेल्या एखाद्या जुन्या उमेदवारासमोर. ज्या ओळीचा पुरावा रकाना रिकामा राहील, ती छापायला देऊ नका.