संस्कृत येतं? मग अवेस्ता शिकताना इथे अडखळाल

अवेस्ता, म्हणजे पारशी धर्मग्रंथांची प्राचीन इराणी भाषा, शिकायला येणारे बरेच जण संस्कृत करून आलेले असतात. आठ विभक्ती, तीन वचने, परस्मैपद-आत्मनेपद हे सगळं ओळखीचं, त्यामुळे सुरुवात भराभर होते. पुढे घोळ होतो तोही याच ओळखीमुळे.

पहिले काही आठवडे लिपीला हात लावू नका. ती उजवीकडून डावीकडे जाते, अक्षरं पन्नासच्या वर आणि ती सासानी काळात (इस्लामपूर्व इराणात) पहलवी, म्हणजे मध्ययुगीन फारसीच्या, लिपीवरून बेतलेली. आधी रोमन लिप्यंतरावर वाचा. त्यातही दोन पद्धती आहेत: नव्या पद्धतीत शब्दामधल्या 'य'साठी दोन आय आणि 'व'साठी दोन यू लिहितात. जर्मन पंडित बार्थोलोमेचा १९०४चा अवेस्ता कोश जुन्या पद्धतीचा. हे माहीत नसलं की समोर असलेला शब्दही कोशात सापडत नाही.

मग ध्वनिनियम. स्वराआधीच्या 'स'चा 'ह' होतो: सप्त-हप्त, असुर-अहुर, सोम-हओम. पण 'अस्ति' तिथेही अस्तिच, कारण 'त'आधीचा स टिकतो. 'श'चा 'स': शत-सत. महाप्राण जातो: भ्रातृ-ब्रातर. 'ह'चा ज़: हस्त-ज़स्त. (हा ज़ मराठी 'जग'मधल्या ज सारखा, फक्त जीभ दातामागे न टेकवता.) इथे सगळे फसतात, कारण हन्तिचं मात्र जइन्ति होतं. संस्कृतात त्याच धातूचं जघान असं रूप आहे. म्हणजे हा ह मुळात घ होता. असा घ डोकावत असेल तर ज़ नाही, ज.

आता मिहिर यश्तातली, म्हणजे मिथ्र देवतेच्या स्तोत्रातली (यश्त म्हणजे स्तोत्र, हे दहावं), सहाव्या कडव्याची ओळ पाहा:

तॅम् अमवन्तॅम् यज़तॅम्, सूरॅम् दामोहु सॅविश्तॅम्, मिथ्रॅम् यज़ाइ ज़ओथ्राब्यो.

नियम उलटे लावले की: तम् अमवन्तं यजतं, शूरं धामसु शविष्ठं, मित्रं यजै होत्राभ्यः. वर्गात ही ओळ सुटली की सगळे खूश होतात, आणि चुका तिथेच सुरू होतात. 'दामन्' म्हणजे इथे धाम नव्हे, निर्माण केलेले जीव. 'ज़ओथ्राब्यो' रूपाने चतुर्थी-पंचमी, पण अर्थ तृतीयेचा: आहुतींनी. अर्थ असा की त्या बलवान, पूजनीय, जीवांमध्ये सर्वांत सामर्थ्यवान मिथ्राला मी आहुतींनी पूजीन. संस्कृतावरून रूप ओळखावं, अर्थ कोशात पाहावा. 'दएव'चं उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे: शब्द आपल्या 'देव'चाच, पण तिथे तो दैत्य.

गाथांनी, म्हणजे अवेस्तातल्या सर्वांत जुन्या सूक्तांनी, सुरुवात करायचा मोह आवरा. पाच गाथांत मिळून सतराच सूक्तं आहेत, पण ती जुन्या अवेस्तात आहेत आणि त्यांच्या कित्येक ओळींवर जाणकारांचंही एकमत नाही. आधी नवी अवेस्ता: मिहिर यश्त, किंवा यस्नाचा (पूजेत म्हणायच्या संहितेचा) नववा अध्याय. त्यात हओम आहे, सोमाशी ताडून वाचायला मजा येते.

आणखी एक सापळा पारशी धर्मगुरू नेरियोसंग धवल याने केलेल्या यस्नाच्या संस्कृत भाषांतराचा. संस्कृतवाले त्यावर तुटून पडतात. पण ते मूळ अवेस्तावरून नाही, पहलवी भाषांतरावरून केलेलं आहे. पहलवीची चूक संस्कृतात उतरते. पाठाबद्दलही सावध राहा. संहिता शतकानुशतकं मुखोद्गत होती, आणि यस्नाच्या दोन महत्त्वाच्या पहलवी भाषांतरासहित पोथ्या १३२३ सालच्या, मेहेरबान कैखुसरू या लेखनिकाने खंभातमध्ये नकललेल्या. एखादं रूप व्याकरणात बसत नसेल तर आधी गेल्डनरने संपादित केलेल्या अवेस्ताच्या आवृत्तीतल्या तळटीपांमधले पाठभेद बघा, नवा नियम नंतर शोधा.

पोथ्या आणि जुनी पुस्तकं पाहायची तर मुंबईतली के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट (स्थापना १९१६) आणि नवसारीचं मेहेरजीराणा ग्रंथालय (१८७२). पारशी प्रार्थनापुस्तकं गुजराती लिपीत छापलेली असतात, ती लिपी चार दिवसांत येते. पण त्यातला उच्चार अग्यारीतला आहे. त्यावरून प्राचीन ध्वनी ठरवू नका.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या अवेस्तावर पोट भरणं कठीण. जोडीला संस्कृत, भाषाशास्त्र किंवा पहलवी हवी. आणि जर्मन. बार्थोलोमेचा कोश जर्मनमध्येच आहे, तेव्हा व्याकरण आणि जर्मनचा वर्ग एकाच महिन्यात सुरू करा.