नंबर व्हायरल झाला, दारात ११२ ची गाडी आली: आता काय करायचं?

गेल्या नोव्हेंबरात बेळगावातल्या वडगावचा एक पोरगा माझ्या दुकानात आला. हातातला फोन थांबायचं नाव घेत नव्हता. "दादा, सकाळपासनं नुसते फोन येऊलालेत. कोण बी उठतंय आणि शिव्या घालतंय." १ तारखेला, म्हणजे इथली मराठी माणसं काळा दिन पाळतात आणि कर्नाटक सरकारचा राज्योत्सव असतो त्या दिवशी, त्यानं सीमाप्रश्नावर चार ओळींचं स्टेटस टाकलं होतं. रात्रीत कुणीतरी त्याचा फोटो, मोबाइल नंबर, घर नंबरसकट गल्लीचं नाव आणि वडिलांच्या विणकामाच्या मागाच्या शेडची पाटी एका चित्रात बसवून ग्रुपांवर सोडलं. दोन दिवसांनी रात्री साडेअकराला दारात पोलिसांची गाडी. 'या घरात तलवारी काढल्यात' असा ११२ या आणीबाणीच्या नंबरवर फोन गेला होता. घरात होती आजी, आई आणि अर्धवट घड्या घातलेली धुणी.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. असे अर्ज टाइप करून करून जे कळलं ते इथे लिहितो. मी वकील नाही, पण कुठला अर्ज चालतो आणि कुठला टेबलावरच राहतो हे इतक्या वर्षांत समजतं.

पहिल्या प्रकाराला डॉक्सिंग म्हणतात: दुसऱ्याची खाजगी माहिती त्याला त्रास व्हावा म्हणून उघड करणं. दुसरा स्वॉटिंग, अमेरिकेतल्या 'स्वॉट' या सशस्त्र पथकावरून पडलेलं नाव. खोटा फोन करून दुसऱ्याच्या घरावर पोलीस धाडायचे. २०१७ च्या डिसेंबरात कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी एका ऑनलाइन गेममधल्या दीड डॉलरच्या भांडणातून असा फोन गेला. दिलेला पत्ता जुना होता. तिथे राहणाऱ्या, त्या गेमशी काही संबंध नसलेल्या माणसाला पोलिसांची गोळी लागली आणि तो गेला. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे पोलीस बंदुका रोखून दार फोडत नाहीत. पण गल्लीत गाडी थांबली की 'पोलीस आले होते म्हणे' एवढं वाक्य पुरतं, पुढचं गल्ली जोडून घेते. खोटं तुमच्या आधी पोचतं, सगळा त्रास तिथून सुरू होतो. म्हणून खालची कामं लवकर करायची आहेत.

आधी पुरावा, मग संताप

बहुतेक जण स्क्रीनशॉट कापून, त्यावर लाल गोल काढून आणतात. तसं करू नका. अख्खा स्क्रीन घ्या: खात्याचं नाव, तारीख, वेळ, सगळं दिसलं पाहिजे. पोस्ट असेल तर तिची लिंक कॉपी करून स्वतःलाच मेल करा. स्क्रीन रेकॉर्डिंग लावून त्या खात्याच्या प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत सावकाश जा. व्हॉट्सअ‍ॅप असेल तर रागानं ग्रुप सोडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा आणि टाकणाऱ्याचा व अ‍ॅडमिनचा नंबर उतरून घ्या. ज्या फोनवर हे आलं तो रीसेट करू नका, विकू नका. कोर्टात डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ वस्तू हाताशी असलेली बरी.

'बघा माझं काय केलंय' म्हणून ते चित्र आपणच दहा ठिकाणी पाठवायचं, ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली. त्या पोराच्या मामानंच ते खानापूरपर्यंत पोचवलं होतं.

सिम बदलायची घाई नको. नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असतो, आणि सोडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच्या हातात जातो. त्यापेक्षा अनोळखी कॉल म्युट करा आणि घरच्यांना तात्पुरता दुसरा नंबर द्या. शिव्यांना उत्तर देऊ नका, त्याचाच स्क्रीनशॉट उद्या तुमच्यावर फिरेल.

पोलिसांकडे तुम्ही आधी जा

नंबर आणि पत्ता फुटला त्याच दिवशी, खोटा फोन जायची वाट न पाहता, ठाण्यात एक पानी अर्ज द्या. पान दीड झालं की वाचणारा शेवटापर्यंत जात नाही. मजकूर साधा: मी कोण, कुठली माहिती कधी आणि कुठे टाकली गेली, कुणावर संशय आहे का, सोबत काय जोडलं आहे. आणि शेवटी ही ओळ हवीच: 'माझ्या घराविषयी ११२ वर तक्रार आल्यास कृपया या दोन नंबरांवरही खात्री करावी.' एक नंबर तुमचा, दुसरा शेजाऱ्याचा. शिक्का मारलेली प्रत किंवा एंडोर्समेंट, म्हणजे अर्ज मिळाल्याची लेखी पोच, घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. तुमच्या बीटचा हवालदार कोण ते विचारून त्याचा नंबर घ्या.

बेळगाव शहर पोलीस कमिशनरेटमध्ये येतं. खानापूर, निपाणी हे तालुके जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. सायबर प्रकरणांसाठी सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) ठाणं आहे, पण पहिला अर्ज जवळच्या ठाण्यातच द्या, कारण रात्री गाडी तिथूनच यायची. त्रास देणारा कागलचा किंवा कोल्हापूरचा निघाला तर 'हद्द आमची नाही' असं ऐकायला मिळू शकतं. दखलपात्र गुन्हा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. सीमेवर राहणाऱ्याला हे कलम पाठ असावं.

आता भाषा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं, त्यामुळे मराठीत अर्ज देणं हा तुमचा हक्क आहे. तरी मी गिऱ्हाइकाला सांगतो, मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडा. भाषेचं भांडण आणि तक्रारीचं भांडण ही दोन भांडणं आहेत, ती एकाच संध्याकाळी एकाच टेबलावर करू नयेत. एफआयआर कन्नडमध्येच लिहिला जाईल. तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर वाचून दाखवायचं असतं, तेव्हा कन्नड वाचता येणारं माणूस सोबत न्या आणि समजल्यावरच सही करा. प्रत फुकट मिळते.

कलमं तुम्ही लिहू नका, घटना लिहा. माहितीपुरतं सांगतो: नाव लपवून धमकी देणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये जादा शिक्षा आहे, बाईमाणसाच्या पाठीमागे लागण्याला कलम ७८, आणि दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून पोलिसांना खोटी खबर देण्याला कलम २१७: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या नावानं खोटं खातं काढलं असेल तर आयटी कायद्याचं ६६ सी.

सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार टाका आणि तिचा नंबर अर्जावर लिहा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. पैसे गेले असतील तर मात्र सगळ्यात आधी तोच लावा.

ठाण्यात कुणी म्हणालं, 'नंबर तर सगळ्यांकडेच असतो, त्यात काय?', तर वाद घालू नका. पण मनात असू द्या: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला दिला, आणि ती याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

गाडी आलीच तर

दिवे लावा, दार स्वतः उघडा, बोलायला एकच माणूस पुढे. शिक्क्याची प्रत दाखवा. आत बघायचं म्हणाले तर बघू द्या, आलेला हवालदारही खोट्या फोनचाच मारा खातोय. गाडीचा नंबर, अधिकाऱ्याचं नाव, फोन किती वाजता आला आणि त्याचा नोंद क्रमांक विचारून लिहून ठेवा. पोलिसांच्या तोंडासमोर मोबाइल धरून लाइव्ह करायचा मोह आवरा.

सकाळी परत ठाण्यात जाऊन खोट्या खबरीची वेगळी तक्रार द्या. फोन करणाऱ्याचा नंबर तुम्हाला देणार नाहीत, पण तो नोंदलेला असतो. २०२३ च्या जानेवारीत नितीन गडकरींच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन आले, त्यांचा माग आपल्या हिंडलगा तुरुंगापर्यंत येऊन पोचला होता. इंटरनेटवरून केलेल्या कॉलला वेळ जास्त लागतो, एवढंच.

पोलिसांऐवजी १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स येते, न मागवलेली कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं येतात, 'खोली भाड्यानं' अशा खोट्या जाहिरातीत तुमचा नंबर पडतो. पार्सल परत करा, ओटीपी देऊ नका, तारखा टिपून त्याच तक्रारीला जोडत जा.

काढून टाकायचं कसं

रिपोर्ट करताना 'स्पॅम' नको, खाजगी माहिती किंवा छळ हा पर्याय निवडा. दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. त्याचाही निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. गुगलच्या शोधात तुमचा नंबर किंवा पत्ता येत असेल तर तो वगळायला गुगलचा फॉर्म आहे. खाजगी अवस्थेतले फोटो असतील तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा वापरा. तिथे फोटो पाठवायचा नसतो. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि त्यावरून सोबतच्या कंपन्या तो फोटो ओळखतात.

फुटलं कुठून?

इथे मला आमच्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. काळी पडलेली आधारची झेरॉक्स गिऱ्हाईक टाकून जातं, आणि पुढच्या आठवड्यात तिच्यात कुणीतरी भजी बांधून देतं. बिघडलेली प्रत मागून घ्या आणि फाडा. चांगल्या प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त सिमकार्डसाठी', खाली तारीख. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

बाकीचं आपणच वाटतो. लग्नपत्रिकेवर घरातल्या पाच जणांचे नंबर. मंडळाच्या अहवालात वर्गणीदारांची नावं, गल्ली, आकडा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चेहरे. मतदार यादीत घर क्रमांक असतो आणि जमिनीचा उतारा ऑनलाइन दिसतो, त्या दोन्हींना इलाज नाही. पण अहवालात नंबर छापू नका असं मंडळाच्या बैठकीत उठून म्हणता येतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटो आणि 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' हे दोन्ही ओळखीच्यांपुरतं करा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावानं किती सिम चालू आहेत तेही एकदा पाहून घ्या.

आणि गल्लीला सांगा. शेजारी, मंडळाचा अध्यक्ष, कोपऱ्यावरचा किराणावाला: 'माझ्या नावानं असलं काहीतरी फिरतंय, गाडी आली तर घाबरू नका.' लाज वाटते, मान्य. त्या पोरालाही वाटली होती. त्याच्या आजीला नाही वाटली, ती पाण्याच्या रांगेत सगळ्यांना सांगून मोकळी झाली.

आठवड्यानं पुन्हा खोटा फोन गेला. या वेळी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, हवालदारानं अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. समोरच्या घरातले काका बनियनवरच बाहेर आले आणि म्हणाले, "साहेब, सगळे झोपलेत. उठवू काय?" दारात येऊन, नोंद करून ते पाच मिनिटांत गेले. शिक्क्याची प्रत आजीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे, रेशनकार्डाच्या शेजारी.