घरच्या घरी कृष्णधवल स्लाइड: या चुका टाळा

स्लाइड म्हणजे फिल्मवरच मिळणारं पॉझिटिव्ह चित्र. तिच्यातला पांढरा भाग मळकट राखाडी आला की खापर हमखास डेव्हलपरवर, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनावर, फुटतं. गोव्यात आधी पाणी तपासा. पहिल्या डेव्हलपरने तयार केलेली चांदी, म्हणजे निगेटिव्ह चित्र, ब्लीचने विरघळवून काढायची असते; उरलेल्या हॅलाइडमधून (प्रकाशाला संवेदनशील चांदीच्या क्षारातून) दुसरा डेव्हलपर पॉझिटिव्ह चित्र घडवतो. समुद्रालगतच्या विहिरीचं पाणी कित्येकदा मचूळ असतं. त्यातल्या क्लोराइडमुळे चांदी निघून न जाता सिल्व्हर क्लोराइड होऊन फिल्मवरच बसते आणि दुसऱ्या डेव्हलपरमध्ये पुन्हा काळी पडते. मोरजी असो वा कोलवा, ब्लीच डिस्टिल्ड वॉटरमध्येच बनवा.

ब्लीचच्या दोन बाटल्या ठेवा: एकीत लिटरला 4 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, दुसरीत लिटरला 20 मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. दोन्ही समप्रमाणात, अगदी वापरायच्या वेळी मिसळा; मिश्रण टिकत नाही. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि सुरक्षा चष्मा हवाच. बॅटरीचं ॲसिड पातळ असतं, 1.25 घनतेचं असेल तर 20 मिलीऐवजी साधारण 87 मिली लागतं.

परमँगनेटने फिल्मवरच्या थरातलं (इमल्शनमधलं) जिलेटिन मऊ पडतं. त्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी लागलं, की इमल्शन सुरकुततं, कडेने सुटू लागतं. म्हणून फक्त डेव्हलपर नव्हे, धुण्याचं पाणीही 20 अंशांवर आणा. बर्फ परातीत, बाटल्यांच्या बाहेर. ब्लीच 3 ते 5 मिनिटं पुरे. ओल्या फिल्मवरून बोटं किंवा स्क्वीजी (पाणी निपटायची रबरी पट्टी) फिरवू नका.

तपकिरी डाग राहिले तर क्लिअरिंग (ब्लीचनंतर त्याचे डाग घालवणारं द्रावण) कमी पडलं: सोडियम मेटाबायसल्फाइट लिटरला 25 ग्रॅम, 2 मिनिटं. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा.

स्लाइड सगळीच काळपट? एक्स्पोजर किंवा पहिलं डेव्हलपिंग कमी झालं. फिकट आली तर जास्त झालं. निगेटिव्हच्या सवयीने इथे नेमका उलटा उपाय केला जातो. पहिल्या डेव्हलपरमध्ये हायपो (सोडियम थायोसल्फेट) न घातल्यासही उजळ भाग स्वच्छ होत नाहीत. लिटरला 8 ग्रॅमपासून सुरुवात करा, 12 च्या वर जाऊ नका.

क्लिअरिंगनंतर दिवा लावून फिल्मच्या दोन्ही बाजूंना भरपूर उजेड द्या, पण उन्हात धरू नका. मग दुसरा डेव्हलपर, शेवटी फिक्सर (उरलेलं हॅलाइड विरघळवून काढणारं द्रावण). ब्लीचआधी फिक्सर गेला तर पॉझिटिव्हसाठी राखलेलं हॅलाइडच धुऊन जातं. ती फिल्म वाचत नाही.

उरलेलं ब्लीच विहिरीजवळ ओतू नका. उघड्यावर, वापरलेलं मेटाबायसल्फाइट थोडंथोडं घालून रंग घालवा, मग फेस थांबेपर्यंत धुण्याचा सोडा टाका.