ऑफिसचा प्रिंटर लॅनवर कसा जोडावा: आधी पत्ता पक्का करा

चार-सहा संगणकांच्या ऑफिसात, मग ते करसल्लागाराचं असो की पतसंस्थेची शाखा, प्रिंटर बहुधा यूएसबी केबलने एकाच संगणकाला जोडलेला असतो आणि बाकीचे तो 'शेअर' करून वापरतात. तो संगणक बंद, की सगळ्यांची छपाई बंद. त्यात सप्टेंबर २०२१च्या विंडोज अपडेटनंतर अशा शेअर केलेल्या प्रिंटरांवर ११बीवर संपणारा एरर अनेकांना छळू लागला. यावर सरळ उपाय म्हणजे प्रिंटरला स्वतःची लॅन केबल देणं, म्हणजे तो ऑफिसातल्या यंत्रांच्या आपसातल्या नेटवर्कला (लॅन) थेट जोडणं. मग तो कोणाच्याही संगणकावर अवलंबून राहत नाही.

आधी प्रिंटरच्या मागे पाहा. टेलिफोनच्या पिनेसारखी, पण जरा रुंद चौकोनी जागा दिसली तर काम होणार. नवीन घेताना मॉडेलच्या नावात शेवटी 'एन' असेल तर बहुतेक वेळा लॅनची सोय असते, 'डब्ल्यू' म्हणजे वायफाय, 'डी' म्हणजे दोन्ही बाजूंनी छपाई. तरी अक्षरांवर न जाता ती जागा डोळ्यांनी बघूनच पैसे द्यावेत.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, कुठलीही चालेल. एका केबलची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे साध्या ऑफिसात लांबीची काळजी नाही. काळजी उंदरांची आणि खुर्च्यांच्या चाकांची. केबल भिंतीलगत केसिंग पट्टीतून न्या, पण विजेच्या वायरींच्या पट्टीतून नको. दोन्ही टोकांना 'प्रिंटर' अशी चिठ्ठी चिकटवा. एक टोक प्रिंटरमध्ये, दुसरं स्विच (नेटवर्कच्या अनेक केबली एकत्र जोडणारी पेटी) किंवा राउटरच्या लॅन पोर्टमध्ये. राउटरवर 'वॅन' लिहिलेला किंवा वेगळ्या रंगाचा पोर्ट इंटरनेटसाठी असतो, तो सोडा. दोन्ही टोकांना दिवे लागले, की तारेचं काम झालं.

इथे आपल्याकडे हमखास होणारा एक घोळ. फायबरवाल्याने बसवलेलं यंत्र स्वतःच राउटर असतं आणि वायफाय पुरत नाही म्हणून ऑफिसने बाजारातून आणखी एक राउटर आणून त्याला जोडलेला असतो. झाली दोन नेटवर्कं! काही संगणकांचे पत्ते (आयपी, म्हणजे नेटवर्कवरची प्रत्येक यंत्राची आकड्यांतली ओळख) १९२.१६८.१ने सुरू होतात, काहींचे १९२.१६८.०ने. मग एका बाजूच्या संगणकांना दुसऱ्या बाजूचा प्रिंटर शोधून सापडत नाही आणि दोष प्रिंटरवर जातो. दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवेल. सगळे एकाच नेटवर्कात येतील. हे न करता पुढच्या पायऱ्या चढू नका.

आता प्रिंटर सुरू करून त्याच्या मेनूतून नेटवर्कचा रिपोर्ट छापा. स्क्रीन नसलेल्या मॉडेलांत एखादं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. कुठलं ते मॅन्युअलमध्ये असतं. कागदावर 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' शोधा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून प्रिंटरला पत्ता मिळालेलाच नाही. केबल, पोर्ट आणि स्विच पुन्हा तपासा.

राउटरने दिलेला पत्ता कायमचा नसतो, आणि 'काल चालत होता, आज ऑफलाइन' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. लाइट जाते, परत येते. प्रिंटर राउटरच्या आधी जागा होतो. त्याला पत्ता मिळत नाही किंवा वेगळाच मिळतो. संगणक मात्र जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसतात.

पत्ता पक्का करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राची स्वतःची ओळख, रिपोर्टवर छापलेला बारा अंक-अक्षरांचा) देऊन त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवणं. दुसरा, प्रिंटरमध्येच 'मॅन्युअल' किंवा 'स्टॅटिक' निवडून पत्ता लिहिणं. लाइटचा लपंडाव असलेल्या ठिकाणी मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण मग प्रिंटरला राउटरची वाट पाहावी लागत नाही. फक्त राउटर जे पत्ते वाटतो, त्यांच्या बाहेरचा पत्ता निवडायचा. राउटरमध्ये डीएचसीपीची, म्हणजे आपोआप वाटायच्या पत्त्यांच्या शेवटच्या आकड्याची, सुरुवात १०० आणि शेवट २०० असा करा, प्रिंटरला १९२.१६८.१.५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता. सुरुवातीचे तीन आकडे तुमच्या नेटवर्कचेच हवेत. पत्ता देण्याआधी तो पिंग करून पाहा (कमांड प्रॉम्प्टमध्ये ping लिहून पुढे तो पत्ता). उत्तर आलं तर तो दुसऱ्या कोणीतरी घेतलेला आहे. इंटरनेट कंपनी बदलली तर हे आकडे पुन्हा तपासावे लागतील, कारण प्रत्येकाच्या राउटरची मालिका वेगळी असू शकते.

मग संगणकांकडे वळा. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) उतरवून बसवा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अ‍ॅड डिव्हाइस. यादीत प्रिंटर आपोआप दिसेल, पण त्यावर लगेच क्लिक करू नका. तसं केलं तर विंडोज अनेकदा 'डब्ल्यूएसडी' पोर्ट (पक्क्या पत्त्याऐवजी प्रिंटर आपोआप शोधणारी जोडणी) बनवतं आणि तो मधूनच प्रिंटर हरवतो. थोडं थांबून, यादीत नसलेला प्रिंटर हाताने जोडण्याचा पर्याय घ्या, त्यात आयपी अ‍ॅड्रेसने जोडणं निवडा, डिव्हाइसचा प्रकार 'टीसीपी/आयपी', आणि खाली तो पक्का पत्ता. हेच प्रत्येक संगणकावर. जुने, निकामी प्रिंटर यादीतून काढून टाका, नाहीतर कोणीतरी त्यांनाच कागद पाठवत राहील.

टेस्ट पेज छापताना कागदाचा आकार बघा. बरेच ड्रायव्हर अमेरिकी 'लेटर' धरून येतात आणि ट्रेमध्ये ए४ असतो. मग प्रिंटर कागद मागत थांबतो आणि ऑफिसात सगळे टोनरला दोष देतात. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'मध्ये ए४ करा.

ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकला, की त्याचं स्वतःचं सेटिंग पान उघडतं. तिथे अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. अनेक मॉडेलांत सुरुवातीला तो नसतोच किंवा सगळ्यांना माहीत असलेला असतो. राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला प्रिंटरचा ९१०० पोर्ट (छपाईचं काम ज्यातून आत येतं तो नेटवर्कचा दरवाजा) उघडून देण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा.

वीज जोडताना लेझर प्रिंटर संगणकाच्या लहान यूपीएसवर लावू नका. आतला फ्यूजर (टोनर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) तापताना एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस मान टाकतो. यूपीएसवर राउटर आणि स्विच ठेवा.

एवढं करूनही एखादा संगणक 'ऑफलाइन' म्हणाला तर आधी त्याच संगणकावरून पत्ता पिंग करा. उत्तर नाही आलं तर तार, स्विच, पत्ता. उत्तर येतंय, तरी ऑफलाइनच दिसतंय, तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जाऊन 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची सोय) यावरची खूण काढा. अडकून पडलेले कागद रांगेतून जात नसतील तर सर्व्हिसेसमध्ये 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करा.